बाइंडरीण आणि बिनपत्त्याची सवत

लग्नाला तीन आठवडे झाले होते तेव्हाची गोष्ट. बाइंडर खिडकीकडे तोंड करून पुस्तकांचे दुमडलेले फॉर्मे जुळवत बसला होता आणि त्याच्या पाठीमागं, आतल्या दाराशी, शिलाईच्या चौकटीपुढं त्याची नवीकोरी बायको दोरा ओवत बसली होती. दोघांची तोंडं दोन दिशांना. दुकानाला खिडकी एकच, आणि तिचा उजेड बाइंडरच्या वाट्याचा. सुईला उजेड लागत नाही, ती बोटांवर चालते, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तर अशा त्या पाठमोऱ्या संसारात सकाळी अकराच्या सुमाराला नवरा एकदम म्हणाला, "आलीस?"

शब्द तसा काही मोठा नाही. बाजारातून आलेल्या बायकोला, शाळेतून आलेल्या मुलीला कुणीही म्हणतं. पण त्यानं तो ज्या आवाजात म्हटला, तो आवाज तिनं त्या तीन आठवड्यांत ऐकला नव्हता. स्टेशनवर सकाळपासून उभं राहावं, गाडीमागून गाडी रिकामी जावी, आशा सोडून परत फिरावं आणि तेवढ्यात पायऱ्यांवर ते माणूस दिसावं, तेव्हा तोंडातून जसा निघेल तसा. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सुई कागदात खोचून, केस सारखे करून, जेवढं लाजता येईल तेवढं लाजून ती म्हणाली, "मी कुठं गेले होते? इथंच तर आहे."

उठून पुढं येऊन बघते तर नवरा ओठ चाटतोय, जिभेवर काहीतरी विरघळत असल्यासारखा, आणि उजव्या हातानं समोरच्या कागदाची कड सारखी एकाच दिशेनं दाबतोय. डोळे उघडे होते, पण त्यांच्यामागं घरात कुणी नव्हतं. दीड मिनिट हे चाललं. मग त्यानं आज वार कोणता विचारलं, आणि ती वार सांगतेय तोवर खळीच्या डब्याचं झाकण उघडं ठेवलं म्हणून तिला झापलं.

लग्न ठरताना मोठ्या माणसांनी "मुलाला कधीमधी चक्कर येते" एवढंच कानावर घातलं होतं. चक्कर या शब्दात बसवायचं म्हटलं तर बरंच काही बसतं.

ती मात्र चक्कर बघून घाबरली नाही. तिच्या मनात दुसराच किडा शिरला. 'आलीस' म्हणाला, 'आलास' नाही, 'कोण आलंय' नाही. म्हणजे कुणीतरी बाई. आणि जिला नवरा अशा आवाजात हाक मारतो ती बाई, बायकोनं कितीही मन मोठं केलं तरी, साधीसुधी असत नाही.

गल्लीनं तिचं नाव बाइंडरीण ठेवलं ते पुढं. बुटकी, गळ्यात दोऱ्याचं रीळ, मधल्या बोटाला कायम सुई रेटायचं अंगुस्तान. भाजी घ्यायला आली तरी ते बोटात, आणि भोपळा पिकलाय का हे ती त्यानंच वाजवून बघायची. तिखट तोंडाची. पण या एका बाबतीत सहा महिने मूग गिळून बसली आणि शेवटी नणंद राहायला आली तेव्हा तिला कोपऱ्यात घेतलं.

"खरं सांगा वन्सं. लग्नाआधी यांचं कुठं काही होतं?"

नणंद पोट धरून हसली. "दादाचं? वहिनी, दादा एखाद्या मुलीशी बोलायला लागला ना, की बोलणं संपेपर्यंत तिचं दुसरीकडं लग्न ठरायचं."

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. बाइंडरला रस्त्यात "काय, बरं आहे ना?" असं विचारणाऱ्यानं हातातली पिशवी आधी खाली ठेवावी, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं. तो सांगायला लागला की विषय सोडायचा नाही. पुठ्ठ्यापासून कापडाला, कापडापासून सरसाला, सरसापासून हल्लीच्या माणसांना, आणि तुम्ही दोन पावलं मागं सरकलात की तो दोन पावलं पुढं. शिवाय लिहायचा. बांधलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या बारीक अक्षरात सूचना चिकटवायचा. पान ओल्या बोटानं उलटू नये. पुस्तक उताणं टाकून चहाला उठू नये. सुरुवातीला चार सूचना होत्या, पुढं अकरा झाल्या, मग एकदा तेवीस. वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणायचे, पुस्तकापेक्षा सूचनाच जास्त वाचल्या जातात.

शेवटी तिनं नवऱ्यालाच विचारलं. चांगल्या दिवशी, झटका येऊन चार दिवस झाल्यावर, चहाचा कप हातात देऊन.

"ती कोण हो?"

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "मला माहीत नाही. पाठीमागं कुणीतरी येऊन उभं राहतं. ओळखीचं. फार ओळखीचं, आणि किती दिवसांनी आलेलं. काहीतरी सांगायला आलेलं असतं. मी वळणार, तेवढ्यात सगळं पुसतं. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून."

"बाई की बुवा?"

"बाई."

"कशावरून?"

"कळतं."

"वय किती असेल?"

"ते कसं विचारणार? मला वळू तर देत नाही."

ती नखानं आपल्या कपाची कड खरवडत म्हणाली, "पाठीमागं तर मीच असते."

"तू नाही," तो म्हणाला.

एरवी कुठल्याही प्रश्नाला अर्धा तास घेणाऱ्या माणसानं हे उत्तर श्वास घ्यायच्या आत दिलं. ते तिला लागलं, आणि लागलेलं राहिलं.

तेव्हापासून बाइंडरीण त्या बाईला सवत म्हणायला लागली. बिनपत्त्याची, बिननावाची सवत. "काल सवत दोनदा येऊन गेली," असं ती दारावरच्या बायकांना सांगायची आणि बायका हसायच्या. तीही हसायची. पण खिडकीकडून तो शब्द आला की अठरा वर्षं, दर खेपेला, तिची सुई एक टाका थांबायची. हा आवाज माझ्यासाठी एकदा. एकदाच. एवढीच तिची मागणी होती आणि ती कुणाकडं करायची हे तिला ठाऊक नव्हतं.

दुखणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. एक गोळी झाली, दुसरी झाली, दोन्ही मिळून झाल्या, मग तिसरी आणि चौथी. एकीनं झोप यायची, एकीनं हिरड्या सुजायच्या, एकीनं तो असा चिडका व्हायचा की गिऱ्हाईक दारातूनच पुस्तक आत सरकवून पळायचं. झटके कमी व्हायचे ते दोन महिने, की परत आठवड्याला दोन-तीन.

आणि प्रत्येक झटक्याची खूण पुस्तकात राहायची. ती कशी, हे कळायला त्यांची कामाची रीत सांगायला हवी. छापलेले कागद दुमडून सोळा-सोळा पानांचे फॉर्मे होतात. बाइंडर ते क्रमानं एकावर एक रचायचा आणि रचून झाले की गठ्ठ्याच्या पाठीवर, दुमडलेल्या कडांवर, पेन्सिलीनं एकच तिरकी रेघ ओढायचा. पहिल्या फॉर्म्याच्या वरच्या टोकापासून शेवटच्याच्या खालच्या टोकापर्यंत. मग गठ्ठा बायकोकडं. शिवताना एखादा फॉर्मा मागं-पुढं झाला किंवा उलटा पडला, तर रेघ तुटलेली दिसते, तिनं लगेच सरळ करायचं. अठरा वर्षांत तिच्या हातून रेघ एकदाही तुटली नाही. पण रेघ ओढायच्या आधीच, जुळवताना, त्याला झटका आला आणि हातातला फॉर्मा खालचा वर होऊन गठ्ठ्यात गेला, तर रेघ त्याच्यावरूनही सरळ जायची आणि तिला काही कळायचं नाही. पुस्तक बांधून जायचं आणि आठ दिवसांनी ग्रंथपाल यायचे. "पुस्तक उत्तम बांधलंय. फक्त पासष्टाव्या पानापासून वाचकाला शीर्षासन करावं लागतं."

अशी पुस्तकं ती उसवून सरळ करून द्यायची. नवऱ्याला बोलायची नाही. एक झालं, ग्रंथपाल समंजस होते.

मग एका दुपारी कटिंग मशीनवर झटका आला. कागदाचा गठ्ठा दाबून धरलेला, पातं वर उचललेलं, एक हात दांड्यावर, दुसरा पात्याखाली, आणि हा म्हणतोय, "आलीस?" ती उठली कशी, चौकट ओलांडली कशी, तिचं तिला आठवत नाही. तिनं दांडा दोन्ही हातांनी वर धरून ठेवला आणि तो दीड मिनिट कागदाची कड दाबत राहिला, पात्याच्या बरोबर खाली. शुद्धीवर आल्यावर त्यानं तिला विचारलं, "लटकलीस कशाला?"

त्याच संध्याकाळी दांड्याला साखळी आली, साखळीला कुलूप आणि किल्ली बाइंडरिणीच्या गळ्यात, रिळाशेजारी. कापायचं काम तिनंच करायचं. ती कापायला उठली की बाइंडर दुकानाबाहेर जाऊन उभा राहायचा. आपलंच पुस्तक दुसऱ्यानं कापलेलं त्याला बघवत नव्हतं.

या साखळीमुळंच दोघं मेंदूच्या डॉक्टरांकडं मोठ्या इस्पितळात गेली. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो उजेडावर लावले.

"लहानपणी तापात आकडी आली होती?"

"दीड वर्षाचा होतो. आई सांगायची, अर्धा तास थांबली नव्हती."

"तिथंच घोळ झालाय. हे बघा, दोन्ही कानांच्या वर, आत खोल, करंगळीएवढा एकेक भाग असतो. आठवणी मुरतात ती जागा. डावीकडचा भरलेला दिसतोय. उजवीकडचा सुकलाय. तिथल्या पेशी गेल्या आणि त्यांच्या जागी व्रण धरलाय, निबर. वीज तिथं अडखळते आणि भलतीकडं पसरते."

बाइंडरनं फोटोकडं बराच वेळ पाहिलं. "म्हणजे भिजून वाळलेला कागद."

"म्हणजे?"

"कागद एकदा भिजून वाळला की सपाट होत नाही. वर दगड ठेवा. वजन आहे तोवर दबतो, काढलं की परत उठतो. आणि त्याची सुरकुती शेजारच्या पानांना लागते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "गोळ्या म्हणजे तुमचा दगड," ते म्हणाले. "चार झाले. पाचव्यानं फारसं होणार नाही. तेवढा भाग काढून टाकायचा, हा उपाय. दहातल्या सहा-सात जणांचे झटके थांबतात. सगळ्यांचे नाही, हे आधीच सांगतो."

"आणि यांचा राग?" बाइंडरिणीनं विचारलं.

"थोडा दुखण्याचा, थोडा तिसऱ्या गोळीचा. थोडा मूळ स्वभावाचाही असेल."

"तो मला ठाऊक आहे. तो मी वेगळा काढलाय." मग आवाज खाली आणून, "आणि ती? पाठीमागं येणारी?"

"ती झटक्याची सुरुवात. कुणाला जळकट वास येतो, कुणाच्या पोटातून काहीतरी वर चढतं, कुणाला आधी सगळं घडून गेल्यासारखं वाटतं. यांना कुणी आल्यासारखं वाटतं. तिथं कुणी नसतं."

वास्तविक बाइंडरिणीनं पेढे वाटायला हवे होते. पण अठरा वर्षं जिच्याशी आपण मनातल्या मनात भांडलो ती कुणीच नाही, हे ऐकून तिला कसनुसं झालं. भांडणाऱ्यालाही समोर कुणीतरी लागतं. आणि कुणीच नव्हतं, तर तो आवाज कुणाला होता?

खात्री करायला डॉक्टरांनी त्याला चार दिवस ठेवून घेतलं. समोर भिंतीवर कॅमेरा, डोक्यावर पंचवीस-तीस तारा. तारा चिकटवणाऱ्या मुलीला बाइंडरनं हा गोंद कसला, किती वेळात धरतो, ओल्या फडक्यानं निघतो का, हे सगळं विचारून घेतलं. तिचं जेवण त्या दिवशी साडेतीनला झालं. गोळ्या मुद्दाम कमी केल्या होत्या, झटका पकडायचा म्हणून. बाइंडरिणीला खुर्ची मिळाली ती उशाशी, म्हणजे इथंही पाठीमागंच.

तिसऱ्या दिवशी तो "आलीस?" म्हणाला. तिनं बटण दाबलं, माणसं धावली, सगळं नोंदवलं गेलं.

चौथ्या दिवशी तारांवाली मुलगी बाजूच्या खोलीत ते चित्रण लावून बसली होती. बाइंडरीण चहा आणायला निघाली होती, ती दारातच थांबली. पडद्यावर तिचा नवरा समोरून दिसत होता. आधी नेहमीसारखा, आठ्या घातलेला. मग मान किंचित तिरपी झाली, काहीतरी ऐकल्यासारखी. आणि मग त्याचं अख्खं तोंड उघडत गेलं. त्याला दुसरा शब्द नाही. आठ्या गेल्या, वय गेलं, डोळ्यांत पाणी भरलं आणि ओठ, कित्येक वर्षांत हसू न आलेले ते ओठ, थरथरले. "आलीस?" दोन सेकंद. मग ते तोंड विझलं आणि जीभ ओठांवरून फिरायला लागली.

बाइंडरिणीनं अठरा वर्षं नुसता आवाज ऐकला होता. ती उठून पुढं येईपर्यंत हे तोंड गेलेलं असायचं.

"परत लावता?" ती म्हणाली.

मुलीनं परत लावलं. मग आणखी एकदा.

"काकू, काही चुकलंय का?"

"नाही गं. मी यांचं तोंड बघत होते."

त्या क्षणी तिला कळलं की आपल्याला दोन गोष्टी हव्यात आणि दोन्ही त्या करंगळीएवढ्या जागेत आहेत. नवऱ्याचा हात पात्याखालून कायमचा निघायला हवा. आणि हे तोंड राहायला हवं. तिच्यासाठी नसलं तरी. सवतीसाठी असलं तरी. जगात कुणासाठी तरी तो असा उजळतो, हे राहायला हवं. हे कुणाला सांगणार? ती चहा आणायला गेली आणि साखर विसरून आली.

सगळं जुळतंय, उजवीकडचाच व्रण, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाइंडरनं एकच प्रश्न विचारला. "मग ती यायची नाही?"

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. "बहुतेक नाही."

त्यानं एक दिवस मागितला. घरी येऊन कटिंग मशीनपाशी उभा राहिला, साखळीच्या कड्या एकेक करून मोजल्यासारख्या चाचपल्या.

"किल्ली दे."

"कागदावर सही करून या, देते."

"तिला काय सांगायचं होतं ते राहून जाईल."

बाइंडरिणीला त्या वेळी नुसतं "नका करू" म्हणायचा अवकाश होता. त्यानं ऐकलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलाही होता. तिनं अंगुस्तान बोटात घट्ट बसवलं. "इतक्या वर्षांत सांगितलं नाही, ती आता काय सांगणार? तुमच्यासारख्या बोलक्याला भेटायला येते आणि एक शब्द बोलत नाही. सोडा तिला."

तो हसला. दुसऱ्या दिवशी सही केली आणि संमतीपत्राच्या समासात लिहिलं की या कागदाला पीळ आहे, तो लवकर फाटेल.

शस्त्रक्रिया नीट झाली. कानामागं वळणदार टाके पडले, शुद्धीवर आल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं आरसा मागून ते पाहिले आणि बायकोला म्हणाला, "तुझी शिलाई याच्यापेक्षा बरी आहे." काढलेला तुकडा तपासायला गेला होता, त्याचा रिपोर्ट आला: पेशी फार थोड्या उरलेल्या, व्रणाचं जाळं दाट. बाइंडरनं तो रिपोर्ट दोनदा वाचला आणि घरी आल्यावर त्याला कापडी पुठ्ठा बांधला. एका पानाचं पुस्तक.

पहिले तीन-चार महिने वाईट गेले. तो चहाच्या कपाकडं बघून रडायचा. डॉक्टरांनी तसं होईल म्हणून सांगितलेलं होतं, म्हणून ती धीरानं घ्यायची. ओळखीची तोंडं विसरायचा; ग्रंथपालांना त्यानं "आपण कोण?" विचारलं, आणि बाइंडरपासून सुटका होण्याचा इतका सोपा मार्ग समोर असतानाही ते बिचारे नाव सांगून बसले. मग हळूहळू मळभ गेलं. झटका आला नाही. महिना, सहा महिने, वर्ष. वर्ष झालं त्या दिवशी बाइंडरिणीनं गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. साखळी खिळ्याला लटकली, आणि बाइंडरनं स्वतःच्या हातानं पहिला गठ्ठा कापला. पातं खाली उतरतानाचा तो करकरीत आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला.

पण गल्लीचंही काहीतरी गेलंच. "बरं आहे ना?" विचारलं की बाइंडर "बरं आहे" म्हणायचा आणि चालू लागायचा. माणसं पिशवी खाली ठेवून तशीच उभी. सूचना तेविसावरून तीनवर आल्या. राग गेला आणि रागाबरोबर गप्पाही पातळ झाल्या. चांगला, सभ्य, कुणालाही चालेल असा माणूस झाला होता.

आणि बाइंडरीण? ती त्याच्या पाठीमागं शिवत बसायची आणि ऐकत बसायची. कधी सुई ठेवून हलक्या पावलानं उठायची, त्याच्या मागं जाऊन गप्प उभी राहायची. श्वाससुद्धा अडवून.

"काय पाहिजे?" तो न वळता विचारायचा.

"काही नाही. पेन्सिल."

वर्षाच्या तपासणीला इस्पितळात गेली तेव्हा तिनं तारांवाल्या मुलीला गाठलं. ते चित्रण परत एकदा बघायला मिळेल का?

"ते सगळं कधीच बंद करून ठेवलंय काकू. आणि काका बरे झालेत की. ते कशाला बघायचं आता?"

"असंच," ती म्हणाली.

शस्त्रक्रियेला दोन वर्षं होत आली तेव्हा ग्रंथपाल एक पुस्तक घेऊन आले. बाइंडर कापड आणायला गेला होता. ग्रंथपाल नेहमीसारखे हसले नाहीत. त्यांनी पुस्तक उघडून तिच्यापुढं धरलं. तेहेतिसाव्या पानापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत, सोळा पानं खाली डोकं वर पाय.

"यांना सांगू नका," ती म्हणाली.

"मी काहीच पाहिलं नाही," ग्रंथपाल म्हणाले आणि गेले.

तिनं पुस्तक दोऱ्यांच्या पेटीत, तळाशी घातलं. चार दिवस ते तिथं होतं. पातं खाली आलं की तिचा जीव वर यायचा. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. तिचे कान टवकारले गेले होते. खिडकीशी कागद सळसळायचा थांबला की तिची सुई थांबायची. येतेय की काय? आता म्हणेल. आता. तो खाकरायचा, नाहीतर पाणी प्यायचा.

पाचव्या दिवशी तिला स्वतःचाच धाक वाटला. तिनं पेटी उपसली आणि पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं.

"हे बघा."

त्यानं पान उघडलं. पाहिलं. मग खिळ्याला लटकलेल्या साखळीकडं पाहिलं. चाकू घेतला, पुस्तकाच्या पाठीवरचं कापड वरपासून खालपर्यंत चिरलं, ओल्या फडक्यानं खळ मऊ करून हळूहळू खरवडली. हात स्थिर होता, मान मात्र घामेजली होती. खळीखालून पेन्सिलीची रेघ वर आली. पहिला फॉर्मा, दुसरा. तिसऱ्यावर रेघ नव्हती. तिचा तुकडा खाली, पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडला होता. चौथ्यापासून पुन्हा वर, आपल्या जागी.

रेघ तुटली होती. म्हणजे ती ओढली तेव्हा सगळे फॉर्मे सरळ होते.

बाइंडरनं चाकू खाली ठेवला आणि मोठा श्वास सोडला. "मी नाही," तो म्हणाला. मग स्टुलावर गर्रकन फिरला, खिडकीकडं पाठ करून. "तू."

तिनं वाकून पाहिलं. तिचाच दोरा, तिचीच गाठ.

"वीस वर्षांत तुझी रेघ चुकली नाही. कुठं होतीस?"

"इथंच."

"इथं नव्हतीस. सोळा पानं उलटी शिवलीस आणि वर गाठ मारलीस. कुठं होतीस?"

तिनं अंगुस्तान बोटातून काढलं, परत घातलं. "तिची वाट बघत होते."

"कुणाची?"

"तुमच्या पाठीमागचीची."

तो तिच्याकडं बघत राहिला. "तुला ती कशाला पाहिजे?"

"मला ती नकोय. तुम्ही तिला म्हणायचा ना, ते ऐकायचं होतं. मला म्हणून नाही. नुसतं ऐकायचं होतं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाइंडरचा हात आपोआप कानामागच्या वळणावर गेला. "मी कसं म्हणायचो ते मला माहीत नाही. मी कधी ऐकलंच नाही."

"मी ऐकलंय."

"म्हणून दाखव."

"काहीतरीच."

"म्हण ना."

तिनं भिंतीकडं तोंड केलं, कारण त्याच्याकडं बघत ते म्हणता आलं नसतं. आणि म्हणाली, "आलीस?"

वीस वर्षं तिनं तो आवाज टाक्याटाक्यात जपला होता, तो जसाच्या तसा निघाला. स्टेशनच्या पायऱ्या होत्या त्यात, रिकाम्या गेलेल्या गाड्या होत्या. तो कुणाची नक्कल राहिला नव्हता. वाट तीच बघत होती आणि शब्दही तिचाच होता.

पाठीमागं काही हललं नाही. तिनं मान वळवली. बाइंडरची मान किंचित तिरपी झाली होती, ऐकल्यासारखी. डोळे मात्र तिच्यावर होते, आणि घरात तो पुरता हजर होता. पडद्यावरचं ते तोंड नव्हतं हे. त्याचं अर्धंही नव्हतं.

"असं म्हणायचो?"

"असंच."

"परत म्हण."

तिनं परत म्हटलं. तो तिसऱ्यांदा "परत" म्हणाला तेव्हा ती म्हणाली, "पुरे. खळ सुकतेय." आणि चौकटीपुढं बसून तिनं तिसऱ्या फॉर्म्याचे टाके उसवायला घेतले.

तो स्टुलावर तसाच बसला होता. बराच वेळ खिडकीकडं वळला नाही.